आधी हातचं उरकू दे

"मारू नोको. सांग त्याले."

टेबलावर दोन बोटांनी टकटक करत ते हे म्हणायचे, आणि तेही एका प्रोग्रामबद्दल. एखाद्या वस्तूला माणसासारखं वागवणारं कुणीतरी तुम्हीही पाहिलं असेल.

गडचिरोलीच्या आमच्या लहानशा ऑफिसात ते माझे सीनियर, सगळ्यांचे भाऊ. त्यांनी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम जुन्या कम्प्युटरवर पडद्यामागे सतत चालू असे. गोदावरी चढली, की तो सिरोंच्याकडच्या मच्छीमारांना एकामागून एक मेसेज पाठवायचा: जाळी काढा, डोंगे वर घ्या.

"सरळ बंद केला तर?" मी नवीन असताना हळूच विचारलं होतं.

"जेवत्या मानसापुढचं ताट ओढते का तू? थांब म्हन त्याले. नवीन काम घेनार नाई. हातचे मेसेज पाठवन, फाईल बंद करन, मंग जाईन."

खरंच तसंच व्हायचं. थांबण्याआधी स्क्रीनवर त्यांनीच लिहून ठेवलेली ओळ यायची: "झालं. येतो."

"भाऊ, त्याले जाताना पान बी द्या," अकाउंटंट चिडवायचा. "अन् येतो काऊन? जातो लिहा ना!"

"जातो म्हनून कोनी घरून निघते का बे?"

यावर अकाउंटंट चिडवणं सोडून पुन्हा हिशेबात डोकं घालायचा. त्यामागचं कारण मला नंतर त्यानेच सांगितलं. मी येण्याआधी, पुराच्या दिवसांत, मेसेज जात असतानाच कुणीतरी प्रोग्राम मारला, म्हणजे मधेच बंद केला होता. अर्ध्या लोकांना मेसेज मिळाले, अर्ध्यांना नाही. भाऊंचा मेहुणा नदीत होता. डोंगा सापडला, तो नाही. त्यानंतर भाऊंनी प्रोग्राम नव्याने लिहिला. स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सिरोंच्याच्या बसमध्ये बसल्या जागीच ते गेले. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला. मांडीवर डबा उघडा होता, अर्धी पोळी तशीच.

पावसाळ्यात नवीन मशीन आली. जुनी न्यायला आलेल्या माणसाने वायरला हात घातला. नेमकं तेव्हाच पाणी चढत होतं आणि जुन्या मशीनवरून मेसेज जात होते.

"थांबा!" त्या ऑफिसात मी इतक्या मोठ्याने कधीच बोलले नव्हते.

"मॅडम, गाडी उभी हाये खाली."

"हातचं उरकू द्या त्याला."

मी प्रोग्रामला थांबायला सांगितलं; पुढचे मेसेज नवीन मशीन पाठवणार होती. उरलेले मेसेज एकेक करून जात राहिले. भाऊंच्या मेहुण्याच्या गावालाही गेले. मग ती ओळ आली.

झालं. येतो.

"या, भाऊ," मी म्हणाले, आणि वायर मीच काढली.