तिसऱ्यांदा विचारा

आमच्या उत्तर मिनेसोटात कुणी कॉफी पुढे केली की आधी म्हणायचं, 'नको.' पुन्हा विचारलं की, 'उगाच कशाला त्रास!' आणि तिसऱ्यांदा विचारलं की, 'बरं, केलीच आहे तर अर्धा कप.' मग कप काठोकाठ भरून घ्यायचा. ही रीत सगळं गाव पाळतं. पण तिचा धर्म केला तो माझा शेजारी व्हर्लिन टोर्गर्सन याने. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली. एकदा बसच्या दारात बोट चेंगरलं, तरी शेवटचं पोर उतरेपर्यंत हा आपला हसत म्हणतोय, 'सावकाश जा रे!'

चर्चमध्ये माशांचं जेवण झालं, त्याच आठवड्यातली गोष्ट. पाइक मासा म्हणजे नुसतं काट्यांचं रान. पण व्हर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, साऱ्या पंगतीला बजावलं होतं, "मी साफ केलेल्या माशात एक काटा निघाला तर सुरी कायमची खाली ठेवीन!"

त्यानंतर एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर व्हर्लिन स्वयंपाकघरात काटकोनात वाकून उभा.

"काय शोधतोयस?"

"काही नाही. इथून फरशी छान दिसते."

आर्डिस हळूच म्हणाली, "काल रात्री त्याने जेवणानंतरचा गोड रूबार्ब-पाय नको म्हटला. तिसऱ्यांदासुद्धा."

हे ऐकल्यावर मी गाडीच्या किल्ल्या काढल्या.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर कॅल्डेरॉनबाई नुकत्याच टेक्सासहून आलेल्या. तिकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही.

"शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"असेल दोनेक. बाहेर एक बाई खोकतायत, त्यांना आधी बघा."

डॉक्टरबाईंनी त्याचं पोट दाबलं. व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात जरा गार आहेत तुमचे," तो म्हणाला.

"सीटी स्कॅन करूया. पोटात काय आहे ते त्याशिवाय कळणार नाही."

"नको, नको."

बाई कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या. "मला शंका येतेय, पण पेशंटच नको म्हणतोय. मी जबरदस्ती कशी करू?"

"अहो बाई, तुम्ही एकदाच विचारलंत!" आर्डिस कळवळली. "अजून दोनदा विचारा!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेल्या.

"स्कॅन करूया?"

"उगाच कशाला तुम्हाला त्रास!"

"करूया ना?"

"बरं... मशीन मोकळंच असेल तर. छोटासाच."

पडद्यावर दिसली एक बारीक पांढरी रेघ. आतड्यात घुसून पार पलीकडे निघालेली, भोवती बाहेर सुटलेल्या हवेचे बुडबुडे.

"माशाचा काटा," बाई म्हणाल्या. "आतडं फुटलंय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. घरी पाठवलं असतं तर वाचले नसते."

आर्डिसचा चेहरा पांढराफटक पडला. "व्हर्लिन, माझ्या माशातला? आणि तू गिळलास?"

"सगळे बघत होते गं," स्ट्रेचरवरून व्हर्लिन म्हणाला. "आणि मासा फार छान झाला होता."

"मूर्खा!" म्हणत तिने त्याचा हात जो धरला, तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. व्हर्लिन शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखण्यावर औषध देऊ?"

"नको, नको. दोनच आहे."

बाईंनी मान डोलावली, खुर्ची ओढली, पलंगाशेजारी ऐसपैस बसल्या आणि पुन्हा विचारलं.