मातीला आलेला मोर्चा

दिल्लीत भ्रष्टाचाराविरुद्ध उपोषण पेटलं होतं आणि आमचं गाव टीव्हीसमोर बसून मुठी आवळत होतं. घराबाहेर मात्र कुणी पडेना. मी तेव्हा चर्चची घंटा वाजवायचो, आणि तोंडानं त्याहून मोठा वाजायचो. शेजारची मावशी म्हणाली, "मालक गेल्याला तीन वर्सं झाली, जमिनीवर माझं नाव लागंना. वारस नोंदीला तलाठी चहापानी मागतोय. उद्या त्याच्या दारातच बसनार हाय मी." मी छाती फुगवून सांगितलं, "मावशे, एकटी कशाला? सगळं गाव आणतो!"

सकाळी चावडीपाशी आम्ही मोजून चार जण. त्यातला एक भंगार गोळा करायला आलेला. मावशी पदर खोचून माझ्याकडं बघतेय. असा संताप आला म्हणता! तडक चर्चमध्ये गेलो आणि दोर ओढला. पण रागात दम टिकेना; घंटा थांबत थांबत, एकेक ठोका वाजायला लागली. आमच्याकडं तशी घंटा कुणी गेलं तरच, मातीला बोलवायला वाजवतात.

पाच मिनिटांत गाव लोटलं. देवळाकडची आळी, चर्चकडची आळी, सगळी. बाया डोक्यावर पदर घेऊन, दोघांच्या खांद्यावर खड्डा खणायला कुदळी. एकीनं तर रडायलाही सुरुवात केली. "कोन गेलं रं?" जो तो मलाच विचारतोय. पाळकसाहेब डोळे वटारून उभे. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

मावशीच पुढं झाली. "मी गेले! सरकारच्या कागदावर मी हायच कुठं? आता आलाच हायसा, तर पोचवा मला तलाठ्यापतूर."

मग जो हशा पिकला! मघाची रडणारी बाईच सगळ्यांच्या पुढं निघाली. कुदळीवाले कुदळी खाली ठेवायला विसरले.

तलाठ्यानं खिडकीतून कुदळी पाहिल्या आणि स्वतः दार उघडून मावशीला खुर्ची दिली. अर्ज काढला, नोंद घातली, नोटीस फळ्यावर लावली. अर्धा तासही लागला नसेल. आम्ही टाळ्या पिटत होतो. सकाळपासून एवढी ताठ राहिलेली मावशी खुर्चीतच हमसून हमसून रडायला लागली.

"एवढंसंच काम हुतं व्हय रं?"