रॉकेलचा डाग

आयटीआयमधून वेल्डिंग शिकून बाहेर पडलो आणि नगरजवळच्या एका वर्कशॉपात उमेदवारीला लागलो, तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. वर्कशॉपात एकच काम चाललं होतं, पाण्याच्या टाक्यांचं. पत्रा कापायचा, वाकवायचा, सांधे वेल्ड करायचे आणि तयार टाकी ट्रकवर चढवून कोरड्या गावांकडं रवाना करायची. आमचा कर्जत तालुका त्यात पहिल्या रांगेत. घरची सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि मी त्यांच्यासाठी टाक्या जोडत होतो, एवढंच काय ते समाधान.

वेल्डिंग मला बरं यायचं, पण माझा डोळा हातापेक्षा बरा होता. कुणाच्याही सांध्यावर नजर टाकली की कुठं हात थबकला, कुठं घाई झाली, हे मला दिसायचं. पोरं हौसेनं आपले सांधे दाखवायला बोलवायची आणि मी छाती फुगवून चुका सांगायचो. नको तिथं शहाणपण दाखवलं की काय पदरात पडतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? टाक्या तपासायला पुण्याहून आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांनी माझी ही बडबड ऐकली आणि मला वेल्डिंगवरून उचलून तपासणी शिकायला स्वतःच्या हाताखाली घेतलं. साहेब वयस्क होते, अबोल होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम सांगितला, "ज्याचा सांधा तपासायचा, त्याचा चहा प्यायचा नाही." ते स्वतः लिंबाखाली एकटेच डबा खायचे.

टाकी पाण्यानं भरून बघावी, तर पाणी आणायचं कुठून? म्हणून आम्ही सांध्यावर बाहेरून चुना फासायचो, तो वाळला की आतून रॉकेल लावायचो. रॉकेल पाण्यापेक्षा चिवट. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्यातून वाट काढतं आणि पांढऱ्या चुन्यावर तेलकट डाग उमटतो. त्या डागाभोवती मी खडूनं गोल काढायचा. गोल निघाला की वेल्डरनं सांधा कोरून काढायचा आणि पुन्हा भरायचा. भर उन्हात तापलेल्या टाकीत उकिडवं बसून.

आठवड्याभरातच पोरांनी मला वाळीत टाकलं. भांडण नाही, शिवी नाही. मी जवळ गेलो की चाललेलं बोलणं थांबायचं आणि सगळे रॉड मोजू लागायचे. चहाची किटली माझ्यासमोरून पुढं जायची. नियमाप्रमाणं मी तो चहा प्यायलो नसतोच, पण कुणी घे म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं. दुपारी मी साहेबांपासून थोड्या अंतरावर भाकरी खायचो. तेही बोलायचे नाहीत. माणसांनी भरलेल्या त्या आवारात दिवसभर मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही.

माझ्याशी बोलायचा तो फक्त माझा खोलीतला जोडीदार, आमच्याच वर्कशॉपातला वेल्डर. कोल्हारचा, प्रवरेकाठचा, माझ्याहून वयानं मोठा. आम्ही दोघांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली होती. भाकऱ्या तो करायचा, भांडी मी घासायचो. घासताना जरा पाणी जास्त सांडलं की म्हणायचा, "कर्जतचा आन् पानी सांडतो? आमच्या नदीला कळलं तर लाजंल ती." संध्याकाळी खोलीत शिरलं की त्याचं ते चिडवणं कानावर पडावं, म्हणून मी दिवस ढकलत होतो. त्याच्याशिवाय नगरात माझं कुणी नव्हतं, हे त्याला कधी सांगितलं नाही, पण ते खरं होतं.

त्याचा हात मात्र घाईचा. त्याच्या सांध्यांवर माझे गोल पडू लागले होते. खोलीत तो त्याचा विषय काढत नसे, मीही काढत नसे. मग एक दिवस वर्कशॉप सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी त्याला सगळ्यांदेखत बजावलं, "आणखी एक गोल निघाला, तर वेल्डिंग बंद. पत्रे उचलायला जायचं."

त्यानंतरची त्याची टाकी मी तपासायला घेतली. चुना फासला, रॉकेल लावलं, वाट पाहिली. चुना पांढराशुभ्र राहिला. मला इतका आनंद झाला की मी टाकीत उतरून गुणगुणत रॉकेल पुसू लागलो. पुसता पुसता बोळा एका जागी सटकला. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. नखानं खरवडलं, पिवळं काहीतरी निघालं. धुण्याचा साबण होता तो.

ट्रकवाल्यांची ही जुनी युक्ती. डिझेलची टाकी गळू लागली की साबण चोळायचा, डिझेल थांबतं. रॉकेलही थांबतं. पण पाण्यात साबण किती टिकणार? त्याचा चुलता उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता.

मी त्याला टाकीजवळ बोलावलं. तो आत डोकावला आणि साबण माझ्या नखात बघून हळूच म्हणाला, "बारीक भोक हाय गड्या. पानी लागलं की गंज चढंल, बुजंल आपोआप."

"न्हाई बुजलं तर? टाकी माझ्याच तालुक्यात चालली हाय. बाया घागरी घेऊन दिसभर बसत्यात तितं."

"मिस्त्रीनं काय सांगितलंय, तू ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मंग?"

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती त्याच्या नोकरीची नव्हती, माझ्या संध्याकाळची होती. मी साबण खरवडून काढला, जागा पुसून पुन्हा रॉकेल लावलं. चुन्यावर डाग उमटला आणि मी त्याच्यादेखत खडूनं गोल काढला.

संध्याकाळी त्यानं नेहमीसारख्या भाकऱ्या केल्या, माझ्या वाटच्या झाकून ठेवल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडला. मी भांडी घासली. पाणी सांडलं, पण तो काही बोलला नाही.

मिस्त्रींनी त्याला तो सांधा नीट करण्यापुरतं वेल्डिंग मशीनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून त्यानं तो भरला, आणि घाई न करता असा सुरेख भरला की मी तसा भरू शकलो नसतो. मी तपासला. डाग आला नाही. मिस्त्रींनाही दाखवलं, तेही मान डोलावून म्हणाले, "राहू दे त्याला मशीनवर."

ही बातमी घेऊन मी जवळजवळ पळतच गेलो. तो सावलीत बाकीच्या पोरांबरोबर चहा पीत बसला होता. म्हणालो, "एक बी डाग न्हाई. मिस्त्री म्हनले, तू मशीनवरच राहायचं."

त्यानं कप खाली ठेवला आणि उठून उभा राहिला.

"बरं, साहेब," तो म्हणाला.

मी त्याला बस म्हणालो. दोनदा म्हणालो. पण मी तिथून निघून जाईपर्यंत तो उभाच राहिला.