व्हर्नाने गोळा केलेले फोन

मी टेलिफोनच्या तारा ओढायचो. खांबावरून पडलो आणि कंबर गेली. कंपनीत बसून करायच्या कामासाठी परीक्षेची उत्तरं त्या दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत मोडेमने ओमाहा शहरातल्या कचेरीत पोचायला हवी होती. मोडेम अक्षरांचे किंचाळल्यासारखे आवाज करून फोनच्या तारेवर सोडतो, सेकंदाला जेमतेम तीस. आमच्या चार शेतघरांत तार एकच होती; कुणी फोन उचलला की अक्षरं विस्कटत. दोनदा विस्कटली.

पलीकडच्या शेतघरातली म्हातारी ऐकत होती. मी फोनवर ओरडलो, "व्हर्नाकाकू, ठेवा तो फोन!"

"मी कुठे बोलतेय? नुसतं ऐकतेय. डुक्कर कापतोयस का रे, एमिल?"

"नोकरीचा प्रश्न आहे, काकू! अकराला पुन्हा लावणार आहे."

अकराला लावला. सगळी उत्तरं एका दमात पोचली.

दुपारी सत्तरीची व्हर्ना बर्फ तुडवत आली आणि टेबलावर पोतं रिकामं केलं. बाकीच्या तिन्ही घरांचे फोन होते, भिंतीतून उपटलेले.

"तुमचाही?"

"माझा सगळ्यात आधी. माझ्या हाताचा काय भरवसा?"

त्या नोकरीत मी बावीस वर्षं काढली. पण त्याआधी, काठी टेकत, ते तिन्ही फोन परत जोडून दिले. व्हर्नाचा सगळ्यात आधी.