बंद पंप आणि बारा सीडी

उत्तरायणानंतरचा रविवार, साल २००४. हजर: मराठी मंडळाचे चिटणीस, मी, नऊ सभासद आणि काका. काकांनी सवयीने शर्टाचे दोन्ही खिसे चाचपले. दोन्हींत एकसारखं पेन. "एक जाणार असं धरूनच चालायचं," ते म्हणाले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना चक्रम म्हणतो आणि अडलं की त्यांचंच दार वाजवतो.

काका नंदेसरीच्या केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले. बडोद्यातल्या म्हाताऱ्या मराठी माणसांच्या आठवणी त्यांनी घरोघर जाऊन रेकॉर्ड केल्या. दहा सीडी भरल्या. चौथीवर त्यांची पत्नी होती, लग्नानंतर गुजराती कशी शिकली ते हसत सांगणारी. काही महिन्यांत ती गेली.

मग काकांनी एका सॉफ्टवेअरने आणखी दोन सीडी बनवल्या, राखीव. दहांतली एखादी बिघडली, तर उरलेल्या नऊ आणि एक राखीव मिळून ती पुन्हा तयार होते. त्या रविवारी बारा सीडी बारा घरांत वाटल्या. चौथी काकांनी स्वतःकडे ठेवली.

चिटणीसांच्या वाट्याला राखीव आली. यात ऐकू काहीच येत नाही, मग कशाला, असं त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे चालू पंपाशेजारी बंद पंप असतो," काका म्हणाले. "बंद दिसतो म्हणून तो कोणी भंगारात देत नाही."

"काका, रिटायर झालात, नंदेसरी सोडा आता," चिटणीस म्हणाले. सगळे हसले.

काका चौथी रोज दुपारी ऐकत. दोन वर्षांनी मूळ रेकॉर्डिंग असलेली त्यांची हार्ड डिस्क उडाली, आणि पाठोपाठ चौथी ड्राइव्हमध्ये फिरता फिरता तडकली. आम्ही चिटणीसांकडे गेलो. राखीव सीडी गॅलरीत दोऱ्याला टांगलेली, कबुतरं बसू नयेत म्हणून. उन्हाने तिचा चंदेरी थर सोलपटून गेला होता.

"वाजत तर काहीच नव्हतं," चिटणीस म्हणाले, आणि आत चहा सांगितला.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कमीच बोलले. काका गॅलरीत दोऱ्याची गाठ सोडवत होते. कापली नाही, सोडवली.

"अजून एक आहे," ते म्हणाले.

ती ज्या सभासदाकडे होती तो छाणीतलं घर सोडून डभोईला गेलेला. फोन केला की एकच उत्तर, "खोक्यात असेल, शोधतो ने." मी गेले, तर दाराला कुलूप. तेवढ्यात काका गेले. शोकसभेत चिटणीस त्यांच्या दूरदृष्टीवर बोलायला लागले तेव्हा मी उठून बाहेर आले.

उरलेल्या नऊ मी घरोघरून गोळा केल्या, तपासल्या. चालतात. माझ्या यादीत एकाच ओळीवर अजून खूण नाही: डभोई, खोकी उघडणे.