डावीकडचा उजेड

निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी चित्रकलेच्या तासाचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत तो तास कुणीही उचलून न्यावा असा. गणिताचे सर दारात यायचे, "बाई, आजचा तेवढा द्या," म्हणायचे आणि मी काही बोलायच्या आत फळा पुसायला लागायचे. वर स्वागताचे फलक, रांगोळ्या, गॅदरिंगचा पडदा, सगळं माझ्याच गळ्यात. तरीही त्या वर्गाची आठवण आली की जीव कासावीस होतो. खिडक्या सगळ्या मुलांच्या डाव्या हाताला. समोर स्टुलावर तांब्या, दोन वांगी, मागं कुणाच्या तरी आईचं लुगडं. मी वर्षानुवर्षं मुलांकडून एकच घोकून घेतलं: उजेड डावीकडून, सावली उजवीकडे.

दहावीत एक मुलगी होती. आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. तिला मात्र पुढं चित्रकलाच शिकायची होती. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेआधी तिचे वडील मला म्हणाले, "बाई, ए ग्रेड येत आसंल तर हिला आत्याकडं ठिवतो. न्हाईतर यंदा आमच्यासंगं फडावर."

परीक्षा तालुक्याच्या शाळेत होती. मी मुलांना जीपमधून घेऊन गेले. शिक्षकांना वर्गात मज्जाव, म्हणून मागच्या दारापाशी उभी राहिले. समोर स्टुलावर घागर ठेवली होती. माझी मुलं झरझर उजवीकडे सावली रंगवत होती. बरं वाटलं. ही शेवटच्या रांगेत, ब्रश हातात धरून नुसती बसलेली. घागरीकडं बघे, खिडकीकडं बघे, पुन्हा घागरीकडं. अगं, लाव ना रंग! मी मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या. शेवटी तिनं ब्रश टेकवला, तो नेमका घागरीच्या डाव्या अंगाला. गेली ग्रेड, आता ही पोर फडावर जाणार.

मग मी स्वतः घागरीकडं नीट बघितलं. त्या वर्गाच्या खिडक्या उजवीकडं होत्या. घागर डावीकडूनच काळी दिसत होती. बाकी सगळ्यांनी मी शिकवलेलं काढलं होतं, हिनं समोरचं.

बाहेर आली ती रडतच. "बाई, तुमी सांगितलं तसं न्हाई केलं मी. रागवू नका."

मला इतका आनंद झाला होता की आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला जवळ घेतलं.

पण निकालाच्या आधीच ऊसतोडीचा ट्रक निघायची वेळ आली. वडील शाळेत आले. "बाई, खरं सांगा. यील का ग्रेड?"

तपासणारा कोण, कसा, मला काय ठाऊक! पण मी छातीठोकपणे म्हणाले, "येणार." ट्रक तिला न घेता गेला. पुढं निकाल लागेपर्यंत मी देव पाण्यात घालून बसले होते.

निकाल लागला त्या दिवशी वडिलांना फडावर फोन लावला. "ए ग्रेड आली," एवढंच सांगितलं. मागं कोयत्यांचा आवाज चालू होता. मग त्यांनी मोठ्यानं ओरडून तिच्या आईला सांगितलं, आणि कोयते एकेक करून थांबत गेले.