रविवारचा फोन

सांगलीच्या गावभागात पद्माच्या सासरी फोन होता तो बैठकीच्या खोलीत, अण्णांच्या आरामखुर्चीला लागून. अण्णा म्हणजे तिचे सासरे. अठ्ठ्याण्णव साली तिची लेक अबोली इंग्लंडला शिकायला गेली, आणि दर रविवारी संध्याकाळी त्या फोनभोवती सगळं घर गोळा व्हायला लागलं. बोलायचं ते मानाप्रमाणे. आधी अण्णा, मग थोरले दीर, मग जाऊबाई, मग पद्माचा नवरा सुमंत. पद्माच्या हाती रिसिव्हर येईतोवर तिकडच्या बूथमध्ये टाकायची पोरीची नाणी संपत आलेली असत. जन्म दिला त्या बाईच्या वाट्याला उरलंसुरलं बोलणं यायचं, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

एका रविवारी अबोली घाईघाईनं म्हणाली, "आई, मी मोबाइल घेतेय. एक करारावरचा आहे. त्यात रविवारी भारतात बोलणं स्वस्त, बाकी दिवशी न परवडणारं, आणि दीड वर्ष बांधून घेतात. दुसऱ्यात आधी कार्ड विकत घ्यायचं आणि हवं तेव्हा बोलायचं. अण्णा ठरवणार आहेत. तू कार्डाचा घे म्हण. दुपारी तू घरी एकटी असतेस ना? मला फक्त तुझ्याशी बोलायचंय." शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

"काय म्हणते?" सुमंतनं विचारलं.

"थंडी आहे म्हणते," पद्मा म्हणाली.

आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोपऱ्यावरच्या बूथवरून आपणच तिच्या वसतिगृहात फोन लावावा, तर बूथवाला भाऊसो अण्णांच्या रोजच्या गप्पांतला. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. दुपारी मात्र पुरुषमाणसं कुपवाडच्या कारखान्यात, जाऊबाई शाळेत आणि अण्णा वाचनालयात. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी विषय काढला. या घरात सगळ्यांचं मत घेतलं जाई. ते अण्णांच्या मताशी जुळावं एवढीच अट.

"करारच बरा," अण्णा म्हणाले. "रविवारी आपण सगळे घरी असतो. पोरीलाही शिस्त राहील." दीर, जाऊबाई, सुमंत, सगळ्यांच्या माना हलल्या. "पद्मा, तुझं काय म्हणणं? तू आई आहेस तिची."

असं नाव घेऊन त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. कार्डाचा म्हणावं, तर दुपारी कशाला बोलायचंय ते विचारतील. मग उद्या अबोलीलाच फोनवर सगळ्यांदेखत फैलावर घेतील.

"तुम्ही ठरवाल ते," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या सवयीचं उत्तर आपसूक बाहेर पडलं. आत भांडी आवरताना तिला स्वतःचा इतका संताप आला की हातातलं पातेलं तिनं दाणकन आपटलं. बाहेर कुणीतरी मांजराला हाकललं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. अण्णांनी निर्णय सांगितला, बाकीचे बोलले, शेवटी रिसिव्हर पद्माकडे आला.

"आई," अबोली म्हणाली, "अण्णा म्हणाले, तुझंही हेच मत आहे. खरंच?"

पद्मानं मान वर केली. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"हो," ती म्हणाली.

पलीकडे अबोलीनं आणखी एक नाणं टाकलं.

"बरं," अबोली म्हणाली. "मग उद्या सही करते. तुला एकटीला सांगण्यासारखं आता काही नाही, आई."